वाचकांचे प्रश्न : फिरते उपकेंद्र उभे करताना

महापुरात पाण्याखाली गेलेल्या वीज उपकेंद्रांविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांत ट्रेलरवर बसवलेल्या मोबाईल सबस्टेशनबद्दल, म्हणजेच फिरत्या उपकेंद्राबद्दल, विचारणा आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या ३३/११ केव्ही (३३ हजार व्होल्ट ११ हजारांवर आणणाऱ्या) उपकेंद्रातला पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवसांत फिरते उपकेंद्र आणून वीज देतो असे सांगितले गेले, प्रत्यक्षात आठ दिवस लागले. चाकांवरच्या उपकेंद्राला एवढा वेळ का लागावा? (ग्रामपंचायत सदस्य, मिरज तालुका)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, कारण हा उशीर बहुतेक वेळा आधी न केलेल्या तयारीचा असतो. ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजूंचे ब्रेकर (प्रवाह तोडणारे स्विच), रिले (बिघाड ओळखून ब्रेकरला हुकूम देणारे उपकरण) पॅनेल आणि बॅटरी हे सगळे ट्रेलरवर जोडलेलेच येते, त्यामुळे सगळी तयारी असेल तर जोडणी एक-दोन दिवसांत होऊ शकते. खोळंबा होतो तो रस्त्यावर आणि जागेवर. मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. त्यापुढे गेले की वेगळी परवानगी काढावी लागते. वाटेतल्या ओढ्यावरची मोरी किती वजन पेलेल, रस्त्यावरून गेलेल्या तारा किती उंचीवर आहेत, उपकेंद्राच्या फाटकातून लांब ट्रेलर वळेल का, हे सारे बिघाड झाल्यावर मोजायला निघाले तर आठ दिवस जाणारच. मला विचाराल तर प्रत्येक उपकेंद्राच्या दप्तरी ‘गाडी आली तर कुठून आत येईल आणि कुठे उभी राहील’ असा एक नकाशा आधीपासून असलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट जमिनीची. तुमच्याकडे काळी माती. एका ठिकाणी ट्रेलरचे जॅक थेट मातीवर टेकवलेले मी पाहिले. संध्याकाळी पातळी बरोबर होती. रात्री पाऊस झाला आणि सकाळी एका कोपऱ्याचा जॅक वीतभर आत गेलेला होता, बुशिंगला (ट्रान्सफॉर्मरमधून तार बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरला) जोडलेला जंपर (जोडतार) ताणून सतारीच्या तारेसारखा झाला होता. ती लाइन अजून चार्ज केलेली (वीज सोडलेली) नव्हती म्हणून निभावले. मुरूम घालून, दाबून, त्यावर लाकडी स्लीपर किंवा जाड लोखंडी प्लेट ठेवूनच जॅक टेकवावेत आणि जंपरला थोडा झोल ठेवावा.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडी त्या जागेला जुळणारी असावी लागते. पुण्यात आणि मुंबईच्या परिसरात काही ठिकाणी वितरण २२ केव्हीवर चालते. तेथे केवळ ११ केव्ही देणारी गाडी निरुपयोगी. शिवाय आपल्याकडचे बहुतेक ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर डीवायएन-११ गटाचे असतात (गट म्हणजे आतल्या गुंडाळ्यांच्या जोडणीची पद्धत; तिच्यावर दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमधला कोन ठरतो). गाडीतला ट्रान्सफॉर्मर ३० अंशांचा फरक असलेल्या गटाचा निघाला आणि तो चालू ट्रान्सफॉर्मरशी समांतर जोडला, तर दोघांमध्ये फेज-व्होल्टेजच्या सुमारे निम्मा फरक उभा राहतो. दोन्ही सारख्या क्षमतेचे आणि १० टक्के इम्पीडन्सचे (अंतर्गत अडथळ्याचे) धरले, तर बाहेर काहीही भार नसताना पूर्ण भाराच्या अडीचपट प्रवाह दोघांतच फिरू लागतो. नेमप्लेट वाचायला पाच मिनिटे लागतात. ती गाडी निघण्यापूर्वी वाचावी.

प्रश्न : ट्रेलरची चाके रबरी असतात, म्हणजे तो जमिनीपासून वेगळाच असतो. मग अर्थिंगवर एवढा भर कशासाठी? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : नेमक्या याच समजुतीने माणसे दगावतात, म्हणून सविस्तर लिहितो. टायरमुळे ट्रेलर वेगळा राहतो असे मानले तरी त्याला हात लावणारा माणूस जमिनीवरच उभा असतो. आत एखादे इन्सुलेशन फुटले आणि सांगाडा अर्थ केलेला नसेल, तर प्रवाहाला जमिनीपर्यंत जाण्याची वाट त्या माणसाच्या अंगातूनच मिळते.

केवळ एक सळई ठोकून सांगाडा जोडला तरीही काम भागत नाही. समजा बिघाडाच्या वेळी २,००० अँपिअर प्रवाह जमिनीत शिरला आणि अर्थिंगचा रोध अर्धा ओहम असला, तर तेथील सगळे लोखंड दूरच्या जमिनीच्या तुलनेत १,००० व्होल्टवर चढते. उपकेंद्राच्या जुन्या अर्थ-मॅटवर (जमिनीखाली पुरलेल्या धातूच्या जाळीवर) उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीनही जवळपास तेवढीच चढते, म्हणून त्याला बसणारा फरक कमी असतो. पण फिरते उपकेंद्र बहुधा मोकळ्या कोपऱ्यात किंवा कुंपणाबाहेर उभे केले जाते आणि तेथे जमिनीखाली मॅट नसते. हात १,००० व्होल्टवर आणि पाय त्याहून फार खाली, अशी ती अवस्था.

आयईईई ८० या उपकेंद्रांच्या अर्थिंगविषयीच्या मार्गदर्शक मानकाच्या सूत्रात ५० किलो वजनाचा माणूस आणि अर्ध्या सेकंदात तुटणारा बिघाड धरला, तर १०० ओहम-मीटर रोधकतेच्या उघड्या मातीवर हाताला सुमारे १९० व्होल्टपर्यंतचा स्पर्शदाब (हात आणि पाय यांच्यातला व्होल्टचा फरक) सहन होण्याजोगा ठरतो. त्याच मातीवर ३,००० ओहम-मीटरच्या खडीचा १० सेंटिमीटर थर पसरला की ही मर्यादा सुमारे ६८० व्होल्टवर जाते. उपकेंद्रातली खडी चिखल होऊ नये म्हणून टाकतात असे अनेकांना वाटते. तिचे खरे काम हे आहे. त्या खडीत माती आणि गवत मिसळू दिले तर तिचा गुण जातो.

म्हणून ट्रेलरभोवती एक-दीड मीटर बाहेरून पट्टीचा किंवा तांब्याच्या वायरचा वेढा पुरावा, तो जुन्या मॅटला निदान दोन वेगळ्या ठिकाणी जोडावा, ट्रेलरचा सांगाडाही दोन टोकांना या वेढ्याशी जोडावा आणि सगळीकडे खडी पसरावी. तुमच्या कोकणात जांभ्याचा रोध जास्त असल्यामुळे नुसत्या सळया वाढवून फारसे साधत नाही. जुन्या मॅटशी पक्की जोडणी तेथे आणखी महत्त्वाची. हे काम सर्वांत आधी करायचे आणि गाडी हलवताना सर्वांत शेवटी सोडायचे. तात्पुरते लोखंडी कुंपणही विसरू नये. एका गावात गाडी पाहायला आलेली पोरे जाळीला लटकलेली पाहून माझ्या पोटात गोळा आला होता, कारण जाळीचे एक टोक ट्रेलरला बांधलेले होते आणि दुसरे शेतात, खडी नसलेल्या ओल्या मातीत गेले होते.

प्रश्न : गाडी पोहोचल्यावर चार्ज करण्यापूर्वी कोणत्या चाचण्या टाळू नयेत? (विद्युत पर्यवेक्षक, साखर कारखाना)

उत्तर : प्रवासात ट्रान्सफॉर्मर हादरतो आणि तेलात हवा मिसळते. म्हणून आल्या आल्या चार्ज करू नये. निर्मात्याने सांगितलेला वेळ तेल स्थिर होऊ द्यावे आणि बुखोल्झ रिलेतली (तेलातला वायू टिपणाऱ्या रिलेतली) हवा काढावी. मग ५ केव्हीच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन, त्यानंतर रेशो (दोन बाजूंच्या व्होल्टेजचे गुणोत्तर) आणि वाइंडिंग रेझिस्टन्स (गुंडाळ्यांचा रोध) पाहून आधीच्या आकड्यांशी ताडावे. तेलाची बीडीव्ही (ज्या व्होल्टेजला तेलाचे इन्सुलेशन फुटते तो आकडा) २.५ मिलिमीटर गॅपला ४० केव्हीच्या खाली आली तर मी चार्जिंगला होकार देत नसे.

यानंतरची चाचणी घाईत हमखास राहते. प्रत्येक रिले हाताने चालवून ब्रेकर खरोखर पडतो (उघडतो) का, ते बॅटरीवरच पाहावे. रिलेची सेटिंगही गाडी मागच्या जागी असतानाचीच राहिलेली असते. १० एमव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार ३३ केव्ही बाजूला १७५ आणि ११ केव्ही बाजूला ५२५ अँपिअर येतो. तुमच्या सीटीचे (प्रवाह मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर आणि पलीकडच्या उपकेंद्राच्या रिलेची वेळ यांच्याशी मेळ घालून नवी सेटिंग करावी. शेवटी फेज सिक्वेन्स (तिन्ही फेजांचा क्रम) पाहावा, नाहीतर कारखान्यातल्या सगळ्या मोटारी उलट्या फिरतील.

प्रश्न : व्यवस्था तात्पुरती असल्याने नियमांत सवलत मिळते का? (वीज ठेकेदार, नाशिक)

उत्तर : सुरक्षेच्या अंतरांत नाही. ३३ केव्हीच्या उघड्या भागाजवळ काम करताना २.८ मीटरचे अंतर कायम उपकेंद्रात लागते तेवढेच येथेही लागते. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला नियोजन चालू असतानाच कळवावे.

प्रश्न : फिरते उपकेंद्र चालू असताना जुन्या ट्रान्सफॉर्मरवर काम करणाऱ्यांनी काय जपावे? (निवृत्त जनमित्र म्हणजे लाइनमन, सातारा)

उत्तर : तुम्ही फार मोलाचा प्रश्न विचारलात. जुन्या ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्ही बाजू उघडली की तो मेला, असे गृहीत धरले जाते. पण ११ केव्ही बस (सगळ्या लाइन जिला जोडतात ती पट्टी) आता गाडीवरून जिवंत असते. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही ब्रेकर चुकून लागला तर तोच ट्रान्सफॉर्मर उलट चालतो आणि वरच्या बुशिंगवर पूर्ण ३३ केव्ही उभे करतो, तेही माणूस वर चढलेला असताना. म्हणून दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (डोळ्यांना दिसेल असे अंतर पाडणारे स्विच) उघडून कुलूप लावावे, ११ केव्हीचा ब्रेकर बाहेर ओढून ठेवावा, डिस्चार्ज रॉडने (अर्थला जोडलेल्या काठीने) दोन्ही बाजू अर्थ कराव्यात आणि कुलपाची किल्ली परमिट (कामाची लेखी परवानगी) घेणाऱ्याच्याच खिशात असावी. त्याचे काम संपून परमिट लेखी परत येईपर्यंत ती यंत्रचालकाकडेही देऊ नये.