तेव्हा ‘हो’ म्हटलं असतं तर...

गेल्या अंकात ‘हुकलेली संधी’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि लांबलचक आली. काटछाट मी केली आहे, ओळख पटेल असे तपशीलही काढले आहेत. बहुतेक पत्रं ‘गेलो नाही’, ‘बोलले नाही’, ‘विचारलंच नाही’ अशा नकारांची होती. एखादी गोष्ट केली म्हणून हळहळणारं पत्र एकच निवडता आलं.

ताई, माझं वय ६३. अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. सत्ताविसाव्या वर्षी परदेशातल्या विद्यापीठात संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. वडील आजारी होते, म्हणून नकार कळवला. सगळे म्हणाले, केवढा त्याग केला पोरानं. खरं असं आहे की थोरली बहीण म्हणाली होती, ‘तू जा, मी बघते बाबांचं.’ मला चारचौघांत इंग्रजी बोलायची धास्ती होती आणि तिकडे आपण अगदीच सामान्य ठरू, याची त्याहून जास्त. वडिलांचं आजारपण माझ्या सोयीला आलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझा वर्गमित्र तिकडे गेला आणि मोठा झाला. शिष्यवृत्तीचं पत्र अजून फायलीत आहे, अधूनमधून काढून वाचतो. मी भित्रा होतो आणि वर खोटाही. आता काय करू?

तुमच्या पत्रात दोन खंती एकमेकींत अडकल्या आहेत. एक न जाण्याची. दुसरी, न जाण्याचं जे कारण जगाला सांगितलंत त्याची. फाइल उघडायला लावते ती दुसरी, असा माझा अंदाज आहे. पण आधी पहिलीचं बघू.

आज तुम्ही जिथे उभे राहून त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला भित्रा म्हणता, तिथून त्याची भीती तुम्हाला दिसत नाही. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात या विषयावर बरंच काम केलं. गेल्या आठवड्यातलं विचारलं तर लोक केलेल्या गोष्टींबद्दलही तेवढेच हळहळतात, पण सगळ्या आयुष्याकडे बघा म्हटलं की न केलेल्या गोष्टींची यादी सुरू होते. त्यामागचं एक कारण तुम्हाला लागू पडतं : काळ उलटला की ‘मला जमलं असतं’ हा विश्वास वाढत जातो. परीक्षा होऊन गेल्यावर ती सोपी वाटते, तसंच. त्या वेळची भीती झिजून गेलेली असते आणि संधी मात्र जशीच्या तशी चकचकीत राहते. मग आपलं नाही म्हणणं आपल्यालाच अनाकलनीय वाटू लागतं.

त्यात तुमच्या वर्गमित्राची भर. बारूख फिशहॉफ यांचा १९७५ चा एक प्रयोग आहे. त्यांनी लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना सांगितलं की इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं की गुरखे जिंकले, काहींना आणखी वेगळा शेवट. ज्याला जो शेवट कळला होता त्याला तोच घडण्याची शक्यता जास्त वाटली. मित्राच्या गोष्टीचा शेवट तुम्हाला माहीत आहे, म्हणून तिकडे गेलं की तसंच होतं असं तुम्ही धरून चालता. अर्ध्यावर परत आलेले, मार्गदर्शकाशी न पटलेले, पदवी घेऊन भलतंच काही करणारे तुमच्या हिशेबात नाहीत. न जगलेल्या आयुष्यात माणूस कधी आजारी पडत नाही, वरिष्ठाशी त्याचं वाजत नाही, त्याचा एकही प्रयोग फसत नाही. त्याच्याशी खऱ्या आयुष्याची तुलना केली की खरं आयुष्य हरणारच.

आता दुसरी खंत. शाय डेव्हिडाय आणि गिलोविच यांनी २०१८ मध्ये मांडलं की कर्तव्यात कमी पडल्यापेक्षा ‘जे व्हायचं होतं ते झालो नाही’ याची खंत लोकांना जास्त काळ छळते. कारण अगदी व्यवहारी आहे. कर्तव्यात चुकलं की माणूस धावपळ करून निस्तरतो, माफी मागतो, भरपाई करतो. स्वप्नाचं काम उद्यावर टाकता येतं आणि ते टाकलं जातं. तुमच्याकडे दोन्ही खाती उघडी आहेत, आणि कर्तव्याचं खातं अजून बंद करता येण्यासारखं आहे. बहीण हयात आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तिला एवढंच सांगा : ‘तू बघते म्हणालीस, तरी मी गेलो नाही, कारण मला भीती वाटत होती.’ तिला ते तेव्हाच कळलं असण्याची शक्यता बरीच आहे. थोरल्या बहिणींना कळतं. वडिलांचं म्हणाल तर त्यांच्यापाशी तुम्ही राहिलात, ही घडलेली गोष्ट आहे. कारण भेसळीचं होतं म्हणून सेवा खोटी होत नाही.

आणि एक खटकलं. तुमचं मूळ पत्र चांगलं चार पानी आहे. त्यात शिष्यवृत्तीचं नाव आहे, विद्यापीठाचं आहे, मित्राला मिळालेली पदं क्रमवार आहेत. संशोधनाचा विषय कोणता होता, हे कुठेही नाही. तो विषय आजही खुणावत असेल तर त्यातलं वाचायला घ्या. पदवीची गरज फक्त नोकरीला असते, वाचायला नसते. आणि खुणावत नसेल, तर हुकलं ते संशोधन की नुसता मान, हे त्या फायलीला एकदा विचारून बघा.

मॅडम, मी ४४ वर्षांची. कायमची नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू केलं. तीन वर्षं रेटलं आणि गेल्या वर्षी बंद केलं. माझ्याबरोबरच्या सगळ्या जणी आता वरच्या पदांवर आहेत. नवरा काहीच बोलत नाही, त्याचंच जास्त लागतं. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो : कशाला राजीनामा दिला?

तुमची खंत गरम आहे, अजून वाफ निघते आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये लोकांना दोन गुंतवणूकदारांची गोष्ट सांगितली. एकानं शेअर बदलायचा विचार केला पण बदलले नाहीत, दुसऱ्यानं बदलले. दोघांचं नुकसान अगदी सारखं. जास्त वाईट कोणाला वाटेल? जवळजवळ सगळ्यांनी बदलणाऱ्याकडे बोट दाखवलं. आपल्या हातानं केलेलं जास्त बोचतं. वरच्या पत्रातल्या गिलोविच यांचं म्हणणं याच्या उलट जात होतं, म्हणून त्यांचा आणि कानेमन यांचा बरेच दिवस वाद चालला, आणि १९९८ मध्ये त्यांनी मेडवेक यांच्यासह चक्क एकत्र लेख लिहिला. (वादाचा असा शेवट फार क्वचित बघायला मिळतो.) त्यात त्यांनी मान्य केलं की केलेल्या गोष्टीची खंत बहुधा संतापासारखी पेटते, आणि न केलेल्या गोष्टीची पुष्कळदा हुरहुरीसारखी रेंगाळते. पेटलेलं सहसा लवकर निवतं, कारण माणूस त्यावर काहीतरी करतो आणि त्यातून काय मिळालं तेही शोधतो.

म्हणून सकाळच्या त्या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात देऊ नका, कागदावर द्या. राजीनामा दिला त्या दिवशी तुम्हाला काय काय माहीत होतं? शिल्लक किती महिने पुरणार होती, किती गिऱ्हाइकांनी काम देतो म्हटलं होतं, नोकरीत पुढे काय दिसत होतं? नंतर कळलेली एकही गोष्ट त्यात घालायची नाही. ती यादी वाचून निर्णय बरा वाटला, तर तुमचं नुकसान झालं आहे. चूक झाली असं म्हणता येणार नाही. यादीतच भोक दिसलं, तर पुढच्या वेळी कुठे बघायचं ते कळलं. नवऱ्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र तुम्ही एकट्यानं लावताय. त्यांना विचारा. कदाचित बोललो तर तुम्हाला लागेल, अशी भीती त्यांनाही असेल.

ताई, मी १९ वर्षांचा. ज्या कॉलेजसाठी वर्षभर अभ्यास केला, तिथली वेटिंग लिस्ट माझ्या आधीच्या नावावर बंद झाली. पन्नास नंबर मागे असतो तर एवढं वाईट वाटलं नसतं.

बरोबर बोललास. बार्सिलोनाच्या १९९२ च्या ऑलिम्पिकमधली चित्रफीत दाखवून संशोधकांनी लोकांना खेळाडूंचा आनंद मोजायला सांगितला, तेव्हा कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा खूश दिसले. रौप्यवाल्याला हुकलेलं सुवर्ण दिसतं, कांस्यवाल्याला आपण रिकाम्या हातानं परतलो असतो हे दिसतं. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की आपण किती अपेक्षा धरून उतरलो होतो, याचाही त्यात मोठा वाटा असतो. तुझ्या बाबतीत दोन्ही एकदम झालं.

पी. टी. उषा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथ्या आल्या. पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. सगळे ती शंभरावी फट सांगतात. त्यांची वेळ होती ५५.४२ सेकंद, आणि त्या राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी व्हायला २०२३ साल उजाडलं, हे फारसं कोणी सांगत नाही. यानं तुला कॉलेज मिळणार नाही, मला माहीत आहे. पण यादीत तुझ्यामागे उभ्या असलेल्यांपेक्षा तुझी तयारी जास्त होती आणि ती अजून तुझ्याकडेच आहे. पुन्हा प्रयत्न करायचा की मिळालेलं घ्यायचं, हे निकालाच्या आठवड्यात ठरवू नकोस. अर्जाची शेवटची तारीख बघून घे आणि तोवर झोप काढ.

खंत वाटूच नये असं मन कसं तयार करावं?

करू नये. मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या खोबणीवर असलेल्या हिश्शाला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पैजेच्या खेळात दुसरा पर्याय निवडला असता तर जास्त मिळालं असतं, हे कळूनही त्यांना हळहळ वाटत नव्हती. आणि पुढच्या खेपेला हळहळायची वेळ येऊ नये म्हणून इतर माणसं जशी जपून निवड करतात, तशी ते करत नव्हते.

मी ७१ वर्षांची. जिवलग मैत्रिणीशी क्षुल्लक कारणावरून बोलणं तुटलं. ‘आज फोन करू, उद्या करू’ करता करता ती गेली. तिच्या मुलीकडून नंतर कळलं की तीही माझी वाट बघत होती. आता कोणाची माफी मागू?

इथे ‘अजून वेळ गेलेली नाही’ म्हणणं खोटं ठरेल, म्हणून म्हणत नाही. वेळ गेली आहे. जी दारं अजून उघडी आहेत असं वाटतं तिथेच खंत जास्त टोचते, असं काही संशोधक म्हणतात. काहींच्या मते कायमची बंद झालेली दारं जास्त छळतात. तुमचं पत्र वाचून मी दुसऱ्या गटात जाते.

तिला पत्र लिहा. टपालात टाकायचं नाही. जेम्स पेनेबेकर यांनी १९८० नंतरच्या दशकात मनातलं सलणारं लागोपाठ चार दिवस, रोज साधारण पंधरा मिनिटं लिहायची पद्धत वापरली. त्यानं सगळं धुऊन जातं असं नाही, लिहिताना आणि लगेच नंतर उलट जास्तच वाईट वाटतं, आणि फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. पण तुमच्या डोक्यात जे वाक्य गोल गोल फिरतंय, ते एकदा पूर्णविरामापर्यंत पोचेल. भांडणात तिचं काय चुकलं होतं तेही लिहा. गेलेल्या माणसाला देव करून टाकलं की आपल्याला फक्त अपराधीपण उरतं. आणि तिच्या मुलीला भेटा. आईच्या तरुणपणाच्या ज्या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, त्या तिला आणखी कोण सांगणार? झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर मात्र माझ्या उत्तरावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

मी १७ वर्षांची. बाबांना वैमानिक व्हायचं होतं, दृष्टीमुळे राहून गेलं. आता मी व्हावं असं ते रोज म्हणतात. त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवत नाही. मला भूगोल आवडतो.

बाबा दुष्ट नाहीत, हे तुला माहीत आहेच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये काही पालकांना आपल्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा आठवायला सांगितल्या. ज्यांना मूल म्हणजे आपलाच एक भाग वाटत होतं, त्यांच्यात ‘हे आता माझ्या मुलानं करावं’ ही ओढ वाढली. म्हणजे ज्या बापाचा जीव जास्त गुंतलेला, तोच जास्त मागे लागतो. तुझी पंचाईत तिथेच आहे.

‘मला वैमानिक व्हायचं नाही’ इथून सुरुवात करू नकोस, कारण त्यांना तो त्यांनाच दिलेला नकार वाटेल. आधी त्यांची गोष्ट नीट विचार. दृष्टीचं कधी कळलं, कोणी सांगितलं, त्या दिवशी ते काय करत होते, विमानातलं नेमकं काय आवडायचं. रोज ‘तू हो’ म्हणणाऱ्या माणसाला हे बहुधा कोणी विचारलेलं नसतं. सगळं ऐकून झाल्यावर, जमलं तर दुसऱ्या दिवशी, भूगोलाचं सांग. आणि ‘बघू’ असं गुळमुळीत उत्तर देऊन ठेवू नकोस, कारण त्यावर ते पुढची तीन वर्षं आशा लावून बसतील. ते काय म्हणाले ते मला कळव.