घरी शिकणाऱ्या दोन मुलांच्या गणित-विज्ञानासाठी साडेतीन लाख एकरकमी द्यावेत का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. ज्या वाचकांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्यातील मजकूर थोडक्यात देतो. आपण पुण्यात राहता. मुलगी पंधरा वर्षांची आणि मुलगा तेरा वर्षांचा असून दोघेही गेली चार वर्षे घरीच शिकत आहेत. आपण वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहात आणि मुलांसाठी नोकरी सोडलेली आहे. यजमानांचा हाती येणारा पगार महिना १,१०,००० रुपये आहे, त्यातून १५,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील ठरावीक मासिक गुंतवणूक) जाते आणि घरखर्च भागून आणखी सुमारे ७,००० रुपये उरतात. मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या, म्युच्युअल फंडात ९ लाख रुपये जमले आहेत. मुलीला महाराष्ट्रातच अभियांत्रिकीला जायचे आहे. मुलाला विद्युत उपकरणे उघडून पाहण्याचा नाद आहे, पण पुढचे काही ठरलेले नाही.

आता एका ऑनलाइन संस्थेने दोन्ही मुलांसाठी गणित व विज्ञानाचा अमेरिकी धर्तीचा अभ्यासक्रम देऊ केला आहे. दर मुलामागे महिना ६,५०० रुपये. तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास २५ टक्के सवलत, म्हणजे ४,६८,००० ऐवजी ३,५१,०००. ही रक्कम मुलीच्या फंडातून काढावी, की 'बिनव्याजी' हप्त्यांवर घ्यावी, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो: दोन्ही करू नये. मात्र त्याचे कारण पॅकेज महाग आहे हे नाही. मी सुचवणार आहे तो मार्ग कागदावर पॅकेजपेक्षा थोडा जास्तच खर्चाचा आहे, आणि हे मी लपवून ठेवणार नाही.

प्रथम सवलतीचा हिशेब पाहू. दोघांचे मिळून महिना १३,००० रुपये होतात, म्हणजे ३,५१,००० रुपयांत २७ महिने निघतात. दोन्ही मुले सरासरी २७ महिन्यांहून अधिक काळ, म्हणजे दोघांचे मिळून ५४ महिन्यांहून अधिक, हाच अभ्यासक्रम वापरतील तेव्हाच सवलतीचा एक रुपया तरी आपल्या पदरात पडेल. समजा, मुलगी दहावीच्या परीक्षेनंतर, म्हणजे पंधराव्या महिन्यानंतर, दुसरीकडे वळली आणि मुलगा मात्र छत्तीस महिने टिकला. महिन्याच्या दराने तिचे ९७,५०० आणि त्याचे २,३४,००० मिळून ३,३१,५०० रुपये होतात. सवलतीशिवायचा हा आकडा सवलतीच्या आकड्यापेक्षा १९,५०० रुपयांनी कमी आहे. ही निव्वळ शंका नव्हे. आपल्या मुलीच्या बाबतीत असेच होण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि त्याचे कारण पैशात नसून अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे.

अमेरिकी पद्धतीत माध्यमिक गणित बहुधा एका वर्षी बीजगणित, पुढच्या वर्षी भूमिती, त्यानंतर पुन्हा वरच्या पातळीचे बीजगणित असे विभागलेले असते. विज्ञानातही जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांना एकेक स्वतंत्र वर्ष देतात. पद्धत म्हणून ती वाईट नाही, एका विषयात वर्षभर रमता येते. पण आपल्या मुलीला दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, द्यायची आहे, आणि तिथे बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, सांख्यिकी हे सगळे एकाच प्रश्नपत्रिकेत येते, तसेच विज्ञानाच्या तिन्ही शाखाही एकाच विषयात येतात. म्हणजे पॅकेजमध्ये तिचे 'रसायनशास्त्राचे वर्ष' चालू असताना प्रकाश आणि विद्युतधारा आपल्याला बाहेरून शिकवून घ्यावे लागतील. एकाच विषयाचे पैसे दोनदा देण्याची वेळ येते ती अशी.

अकरावी-बारावीला ही दरी आणखी रुंदावते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी जी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, तिचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर बेतलेला असून साधारण २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, कारण गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण आहेत आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या मिळून १०० प्रश्नांना प्रत्येकी एक. शिक्षणावरचा आपला रुपया कुठे जावा, हे या एका वाक्यात आले. तो बारावीच्या गणिताकडे जावा. नववी-दहावीच्या चकचकीत व्हिडिओंकडे नव्हे.

माझ्या एका अशिलाच्या घरी गेलो होतो तेव्हाचे एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात परदेशातून मागवलेला गणिताचा पाच वर्षांचा संच ओळीने लावलेला होता. पहिल्या दोन पुस्तकांचे कोपरे दुमडलेले, पानांवर चहाचे डाग, समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा. तिसऱ्याचे पाठ्यपुस्तक उघडलेले पण त्याची उत्तरपुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनात. चौथे आणि पाचवे दुकानातून आले तसेच. वडील म्हणाले, "घेतले तेव्हा एकदम घेतल्याने स्वस्त पडले." मी काही बोललो नाही. निदान ती पुस्तके होती. विकता आली असती किंवा धाकट्याला देता आली असती. आपल्या पॅकेजमध्ये तेवढीही सोय नाही, कारण परवाना मुलाच्या नावावर असतो आणि मुदत संपली की लॉगिन बंद होते. दोन मुलांच्या घरात हा फरक मोठा आहे.

'बिनव्याजी' हप्त्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. महिना ९,७५० रुपयांचे ३६ हप्ते हे फी भरण्याचे वेळापत्रक नसून ते यजमानांच्या नावावरचे कर्ज आहे, आणि ते संस्था देत नाही, एखादी वित्तकंपनी देते. संस्थेला तिचे पैसे पहिल्याच महिन्यात मिळतात. मुलीने चौथ्या महिन्यात नको म्हटले तरी हप्ता चालू राहतो, आणि तो चुकला तर क्रेडिट स्कोअर यजमानांचा घसरतो. शिवाय आपल्याकडे महिना ७,००० रुपये उरतात आणि हप्ता ९,७५० रुपयांचा आहे, म्हणजे पहिल्या महिन्यापासून एसआयपीला कात्री लागेल.

विक्री प्रतिनिधीने यावर करसवलत मिळते असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. तसे नाही. शिक्षण शुल्कावरची वजावट, जिला सगळे ८०सी म्हणून ओळखतात, ती भारतातील शाळा, महाविद्यालय वा तत्सम शिक्षणसंस्थेतील पूर्णवेळ शिक्षणाच्या शुल्कापुरती आहे. ऑनलाइन शिकवणी किंवा अभ्याससामग्री तीत बसत नाही. आणि यजमानांनी नवी करप्रणाली स्वीकारली असेल तर ही वजावट मुळातच नाही. उलट, अशा सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. ३,५१,००० मध्ये तो धरलेला आहे का, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. धरलेला नसेल तर रक्कम ४,१४,१८० होते.

आता माझा मार्ग आणि त्याचा खर्च. दहावीपर्यंतचे गणित-विज्ञान आपण स्वतः शिकवू शकता, आणि आजवर शिकवलेही आहे. पाठ्यपुस्तके एनआयओएसची नोंदणी केली की मिळतात. जोडीला एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत, छापील हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात एका फेरीत काम होते. खान अकॅडमी हे ऑनलाइन धड्यांचे संकेतस्थळ विनामूल्य आहे. कोलोराडो विद्यापीठाची फेट ही प्रयोगांची आभासी साधने विनामूल्य असून त्यांतील बरीच मराठीतही आहेत. पॅकेजमध्ये दिसणाऱ्या गोष्टींचा मोठा भाग असा फुकट उपलब्ध असताना पैसे देऊन विकत घ्यायची गोष्ट उरते ती एकच: चुकलेले उदाहरण पाहून नेमके कुठे चुकले हे सांगणारा माणूस.

आपल्या परिसरातील निवृत्त प्राध्यापकांनी दहावीसाठी तासाला ६०० आणि अकरावी-बारावीसाठी तासाला ८०० रुपये सांगितल्याचे आपण लिहिले आहे. पहिल्या वर्षी मुलीसाठी आठवड्याला दोन तास, वर्षाचे ४० आठवडे धरले तर ४८,००० रुपये होतात. पुढची दोन वर्षे आठवड्याला चार तास, त्यातले निदान दोन गणिताचे, असे धरले तर वर्षाला १,२८,००० रुपये. प्रयोगसाहित्याला १५,००० रुपये राखून ठेवा. चांगला मल्टीमीटर, भिंगे, वजनकाटा, सोल्डरिंग गन आणि सुटे भाग एवढ्यात बसतील. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मुलाला बरोबर न्या आणि यादी त्यालाच करू द्या. पुस्तकांना १०,०००, परीक्षा शुल्क आणि जाण्यायेण्यासाठी तीन वर्षांचे १६,००० धरा. ही बेरीज ३,४५,००० होते. मुलगा तिसऱ्या वर्षी दहावीला बसेल तेव्हा त्याच्यासाठी आणखी ४८,००० लागतील. एकूण ३,९३,०००.

म्हणजे पॅकेजपेक्षा ४२,००० रुपये जास्त. पॅकेज घेतले तरी परीक्षा शुल्क आणि प्रयोगसाहित्याचे ३१,००० सुटत नाहीत, ते धरले तर फरक ११,००० वर येतो. जीएसटी वेगळा निघाला तर माझा मार्गच स्वस्त ठरतो, पण त्यावर मी विसंबून नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की पहिल्या वर्षी आपल्याला सुमारे ७९,००० रुपयेच खर्च करायचे आहेत, आणि ते महिन्याला उरणाऱ्या ७,००० मधून म्हणजे वर्षाच्या ८४,००० मधून भागतात. फंडाला हात लागत नाही. पुढच्या दोन वर्षांत मिळून सुमारे १,४६,००० रुपयांची तूट येईल, तीही पगार अजिबात वाढला नाही असे धरून. तेवढेच फंडातून घ्यावे लागतील, आणि तेव्हा मुलीला अभियांत्रिकीच हवे आहे की नाही, हे आपल्याला आजच्यापेक्षा बरेच जास्त ठाऊक असेल. पंधराव्या वर्षीचा निश्चय सतराव्या वर्षी बदलतो, आणि तो बदलला तर शिकवणी पुढच्या महिन्यापासून थांबवता येते.

एनआयओएसबाबत दोन-तीन गोष्टी पैशाच्याच दृष्टीने सांगतो. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे गणित एखाद्या वेळी राहिले तरी वर्ष आणि वर्षाचा खर्च वाया जात नाही. बारावीचे पूर्ण प्रमाणपत्र मिळण्यासाठी दहावीनंतर दोन वर्षांचे अंतर लागते, म्हणून दहावी लांबवत नेणे परवडणार नाही. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलेच निवडा, कारण राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशात दहावी-बारावी कुठून झाली याला महत्त्व आहे. आणि नोंदणीपूर्वी त्या केंद्राची प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून या. टायट्रेशन, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजण्याचा रसायनशास्त्राचा प्रयोग, स्वयंपाकघराच्या ओट्यावर शिकवण्याची कल्पना मला तरी पटत नाही.

शाळेत न जाता केंब्रिज मंडळाच्या परीक्षा देण्याच्या, म्हणजे खासगी परीक्षार्थी मार्गाचाही आपण ओझरता उल्लेख केला आहे. मुलीचे लक्ष्य महाराष्ट्रातील प्रवेश असेल तर तो सोडून द्यावा. तिथे शुल्क विषयागणिक भरावे लागते, आयजीसीएसईला (दहावीच्या पातळीच्या परीक्षेला) प्रयोगांऐवजी लेखी पर्याय असला तरी पुढे ए लेव्हलच्या (बारावीच्या पातळीच्या) विज्ञान विषयांत प्रत्यक्ष प्रयोगशाळेतली परीक्षा टळत नाही, आणि खासगी परीक्षार्थीला प्रयोगशाळा देणारे केंद्र शोधणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. मुलाने पुढे परदेशाचा विचार केला तर त्या वेळी हा हिशेब नव्याने मांडू.

फंडाविषयी आपण विचारलेले नाही, पण न लिहिणे योग्य होणार नाही. ज्या पैशांची गरज तीन वर्षांवर आली आहे, ते ९ लाख पूर्णपणे इक्विटीत असणे मला पॅकेजपेक्षाही अधिक धोक्याचे वाटते. प्रवेशाच्या वर्षीच बाजार २५ टक्क्यांनी खाली असेल तर सव्वादोन लाख रुपये जातील, आणि महाविद्यालय तेवढ्यासाठी थांबणार नाही. इक्विटीवरील दीर्घकालीन नफ्यापैकी दर आर्थिक वर्षी १,२५,००० रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि त्यापुढील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. म्हणून यंदापासून तीन आर्थिक वर्षांत, दर वर्षी ही मर्यादा वापरून, थोडे थोडे युनिट विकून ते पैसे मुदत ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या कर्जरोखे फंडात हलवा. एसआयपी चालू राहू द्या, पण ती आता मुलाच्या नावाने मनात मांडा. त्याच्याकडे अजून पाच वर्षे आहेत.

एवढे करूनही पॅकेजचे आकर्षण वाटत असेल, तर नाही म्हणू नका. एक महिना, एकाच मुलासाठी, ६,५०० रुपये भरून घेऊन पाहा. त्या महिन्यात मुलीकडून वर्गसमीकरणांचा धडा तिथे करून घ्या आणि शेवटी एनआयओएसच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतील त्या धड्यावरचे प्रश्न घड्याळ लावून, आपण शेजारी न बसता सोडवायला द्या. प्रतिनिधी सवलत शुक्रवारी संपते असे सांगेल. त्याच्याकडून जीएसटीसह एकूण रक्कम, मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम आणि परवाना भावंडाला वापरता येतो का, या तीन गोष्टी ई-मेलवर लेखी मागा. उत्तर आले की मला पाठवा.