खेळाच्या सरावातून कॅथलिक मुलांची आध्यात्मिक घडण होते म्हणजे नक्की काय होतं?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या चर्चच्या शाळा आणि वसतिगृहं मुलांकडून एवढा फुटबॉल, एवढा व्यायाम का करून घेतात. त्यात खरंच काही आध्यात्मिक आहे, की पोरांना चर्चशी बांधून ठेवायची ती युक्ती आहे?

मी डिचोलीचा, घरात मराठी आणि शांतादुर्गा. नोकरी मात्र बार्देसातल्या एका चर्चच्या शाळेत पी.टी. शिक्षक म्हणून झाली, आणि मैदानावर कुणी ना कुणी फादर बरोबर असायचेच. त्यांचं ऐकत, त्यांच्याशी वाद घालत जे समजलं ते लिहितो. ही युक्ती नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. असती तर मुलांनी ती पहिल्या पावसाळ्यातच ओळखली असती. पंधरा वर्षांच्या पोराला आपल्याला कुणी झुलवतंय हे लगेच कळतं.

गोव्यात फुटबॉल आला तोच मुळी एका पाद्रीबरोबर. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स १८८३ साली प्रकृती सुधारायला शिवोलीला आले आणि त्यांनी तिथे मुलांना खेळायला लावलं. पुढे हडफड्याला त्यांची शाळा उभी राहिली. त्यांच्या लेखी फुटबॉल हा ख्रिस्ती शिक्षणाचाच भाग होता, शाळा सुटल्यावरचा विरंगुळा नव्हता.

यामागचा विचार त्याहून कितीतरी जुना. संत पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या लोकांना पत्र लिहिलं तेव्हा धावपटूचं आणि मुष्टियोद्ध्याचं उदाहरण दिलं: ते लोक कोमेजणाऱ्या मुकुटासाठी एवढा संयम पाळतात, मग आपण न कोमेजणाऱ्यासाठी का पाळू नये? करिंथच्या जवळच इस्थमियन नावाच्या क्रीडास्पर्धा भरत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना हे चटकन कळलं असणार. जेजुइट संघ स्थापणारा संत इग्नेशियस तर पेशाने शिपाई. १५४८ साली छापलेल्या आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की चालणं-धावणं हा जसा शरीराचा व्यायाम, तशी ही आत्म्याची तयारी.

पण याच इग्नेशियसचा साथीदार फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे, त्याची एक गोष्ट चरित्रकार सांगतात. पॅरिसला शिकताना त्याला आपल्या उड्या मारण्याच्या कौशल्याचा फार अभिमान होता. त्याचं प्रायश्चित्त म्हणून व्हेनिसच्या प्रवासात त्याने दंडांना आणि मांड्यांना दोऱ्या इतक्या घट्ट आवळल्या की त्या मांसात रुतल्या आणि चालणं मुश्कील झालं. मी ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगायचो, कारण चूक कुठे होऊ शकते ते तिच्यात स्पष्ट दिसतं. शरीराचा गर्व नको हे खरं, पण म्हणून शरीर शत्रू होत नाही. देवाने स्वतः माणसाचं शरीर घेतलं, अशी ज्या धर्माची श्रद्धा आहे, त्याला शरीराचा तिरस्कार करून कसं चालेल?

आपल्याकडे तालमीत मारुती असतो, घामाआधी नमस्कार असतो. तुम्हाला ते चित्र ठाऊक असेल तर निम्मं समजलं. उरलेलं निम्मं मला एका फादरांनी समजावलं. मी म्हणायचो, शिस्त लावा, माणूस आपोआप चांगला होतो. ते म्हणायचे, ‘सर, मेहनतीने दम वाढतो, पुण्य वाढत नाही. ते देव देतो. मेहनत करणाऱ्याला ते घ्यायचं बळ येतं, एवढंच.’ हा फरक मला बरेच दिवस पटला नव्हता. मग लक्षात आलं की जो मुलगा फक्त स्वतःच्या जोरावर उभा असतो, तो एका पराभवात कोसळतो, नाहीतर जिंकल्यावर दुसऱ्याला तुच्छ लेखायला लागतो.

मैदानावर हे दिसतं कसं? जुलैच्या पावसात चिखलात खेळ रंगलेला असायचा आणि आंजेलूसची, म्हणजे प्रार्थनेची, घंटा व्हायची. मुलं जिथल्या तिथे थांबायची, चेंडू कुणाच्या तरी पायाखाली, केसांतून पाणी गळतंय. प्रार्थना झाली की खेळ तिथूनच पुढे. मला सर्वांत महत्त्वाचं वाटायचं ते हे, की मधल्या वेळात चेंडू बोटभरही कुणी सरकवायचं नाही, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना. आमच्याकडे आणखी एक रीत होती. मैदानावर फक्की मारायचं काम कॅप्टनचं, नव्या पोरांचं नाही. जो सर्वांत ताकदवान, त्याने जाळी वाहायची.

कोवळ्या वयातल्या मुलांना राग, वासना, आळस यांच्याशी रोज झगडावं लागतं, आणि याबद्दल घरात कुणी बोलत नाही. दमणूक हे त्यावरचं औषध नव्हे. पण ‘आता थांब’ असं शरीराला सांगता येतं, हे एकदा कळलं की कोरेज्मातला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला, उपवास असो की मोबाईल बाजूला ठेवणं असो, मुलाला स्वतःवर भरवसा येतो. चुकला तर कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापाची कबुली द्यायला, जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येतो.

या सगळ्यात मोठ्यांची हजेरी असावी लागते. डॉन बॉस्को या इटालियन पाद्रीने मुलांसाठी काढलेल्या सेल्शियन संघाचे पाद्री पणजीत १९४६ पासून आहेत. स्वतः डॉन बॉस्कोने १८८४ साली रोमहून आपल्या लोकांना कळकळीचं पत्र लिहिलं होतं. खंत ही, की सुट्टीच्या वेळी पाद्री आता मुलांत मिसळत नाहीत, बाजूला उभे राहतात. शिट्टी मारून सावलीत बसणारा कोच कितीही हुशार असला तरी तो घडवत नाही.

आणि ताकद कशासाठी, हे ज्याला कळायचंय त्याने पिएर जॉर्जिओ फ्रासातीचं चरित्र वाचावं. इटलीतल्या तुरीनचा गिर्यारोहक, डोंगर चढायचा आणि गरिबांच्या घरी औषधं पोचवायचा. १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संतपद मिळालं. मुलांना तो पटकन जवळचा वाटतो.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. रविवारी सकाळी, मीसच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेच्या, वेळेलाच, मुलांच्या मॅचेस लावल्या जातात. मुलाने कुठे जायचं? एकीकडे घडणीच्या गप्पा आणि दुसरीकडे त्याला असं कात्रीत धरायचं, हे बरोबर नाही. सामने दुपारी ठेवता येतात. तुमचा मुलगा कुठल्या संघात जाणार असेल तर पालक म्हणून हे पहिल्याच बैठकीत मागून घ्या.