वाचकांचे प्रश्न : मोठ्या जनावराची रायफल आणि तिचे काडतूस

या वेळी तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राने बरीच जागा खाल्ली, पण त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की त्याला आखडते उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

प्रश्न : मी उदगीर येथे पशुवैद्यकीय व्यवसाय करतो. माझा वर्गमित्र नामिबियात नोकरीला असून, तेथील रीतसर परवान्यावर होणाऱ्या रानम्हशीच्या शिकारीसाठी त्याने मला पुढच्या वर्षी बोलावले आहे. रायफल तिथेच भाड्याने मिळते. .३७५, .४१६ आणि .४५८ यांपैकी एक आधीच कळवायची आहे. माझे वजन ६२ किलो आहे आणि आजवर मी फक्त .३०-०६ चालवली आहे. जो भेटतो तो ‘जेवढी मोठी तेवढी बरी’ असे सांगतो. आपले मत काय?

उत्तर : डॉक्टरसाहेब, .३७५ कळवा (हे आकडे म्हणजे नळीचा घेर, साधारण इंचांतला व्यास). हे मत नुसते माझे म्हणून घेऊ नका, त्यामागची कारणे तपासून घ्या.

प्रथम कायदा पाहू. नामिबियात म्हैस, हत्ती यांसारख्या जनावरांसाठी काडतुसाची शक्ती नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० जूल असावी लागते. आपली .३०-०६ सुमारे ४,००० जुलांच्या आसपास थांबते, म्हणून ती बाद. जर्मन वसाहतीतल्या शेतकऱ्यांसाठी १९०५ मध्ये बनलेले आणि आफ्रिकेत भरपूर वापरले गेलेले ९.३ × ६२ हे काडतूससुद्धा नेहमीच्या भरणीत या आकड्याला कमीच पडते. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे १९१२ चे काडतूस १९.४ ग्रॅमची, म्हणजे ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने सोडते. हिशोब केलात तर ५,८०० जुलांच्या जवळपास शक्ती येते, म्हणजे ते कायद्याच्या उंबरठ्याच्या थोडेच आत बसते. १९११ चे .४१६ रिग्बी ६,७०० जुलांच्या आसपास जाते, आणि १९५६ चे .४५८ विंचेस्टर मॅग्नम साधारण ६,३०० जुलांपर्यंत.

मात्र जूल हा परवाना तपासणाऱ्या कारकुनाच्या सोयीचा आकडा आहे, जनावराला तो ठाऊक नसतो. या हिशोबात वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे हलकी आणि भरधाव गोळी कागदावर मोठी दिसते; प्रत्यक्षात ती खांद्याच्या हाडावर फुटून तिथेच थांबू शकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक ७ × ५७ माउझरसारख्या, आजच्या कायद्याला मुळीच न चालणाऱ्या लहान काडतुसाने. त्याने हत्तीच्या कवट्या करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवले होते, आणि त्याची गोळी लांब, टणक आवरणाची, सरळ जाणारी होती. त्याचे अनुकरण कोणी करू नये, कारण त्याचा हात आणि त्याचा काळ दोन्ही वेगळे होते. पण जनावर कशाने पडते, हे त्याच्या उदाहरणावरून कळते. गोळी योग्य जागी लागली पाहिजे आणि तिथून आत पुरेशी खोल गेली पाहिजे. या दोहोंपुढे नळीचा घेर दुय्यम आहे.

योग्य जागेबाबत मी तुम्हाला काय सांगावे! तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. आफ्रिकेतली म्हैस नावाने म्हैस असली तरी आपल्या म्हशीपेक्षा वेगळ्या प्रजातीची आहे, आणि भरलेला नर ७०० ते ८०० किलोंचा, म्हणजे गोठ्यातल्या मराठवाडी म्हशीच्या जवळपास दुप्पट असतो. हृदय मात्र तसेच खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये असते. जनावर आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जावे आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर थांबावे. नवखा माणूस घाईत पाठीकडे किंवा पोटाकडे मारतो, आणि मग जखमी म्हैस दाट झुडपात शिरून आपल्याच वाटेकडे तोंड करून उभी राहते. त्या शोधाला जाणाऱ्या माणसाचा जीव तुमच्या पहिल्या गोळीवर अवलंबून असतो.

आता धक्क्याकडे येऊ, कारण ‘जेवढी मोठी तेवढी बरी’ म्हणणारे इथेच गप्प होतात. सारख्या वजनाच्या रायफलीत .३७५ चा धक्का .३०-०६ च्या सुमारे दुप्पट बसतो, तर .४१६ किंवा .४५८ चा जवळजवळ तिप्पट. खांदा दुखतो तो दोन दिवसांत बरा होतो; खरे नुकसान मनाचे होते. तीन-चार गोळ्यांनंतर बोट चापाकडे जाताच डोळा आपोआप मिटतो, डावा हात आवळला जातो आणि गोळी भलतीकडे जाते. एका सरावाच्या मैदानावर मी एका धिप्पाड गृहस्थांना .४५८ चालवताना पाहिले. त्यांच्या नकळत मी चेंबरमध्ये रिकामे, नकली काडतूस ठेवले. चाप ओढताच रायफलीचे तोंड चांगले चार बोटे खाली झुकले, आणि आवाज झालाच नाही हे लक्षात आल्यावर ते स्वतःच हसू लागले. तुमचे वजन ६२ किलो आहे म्हणून तुम्ही कमी पडाल असे नाही, पण ज्याला वर्षातून वीस गोळ्यासुद्धा झाडायला मिळत नाहीत त्याने तिप्पट धक्क्याची सवय लावून घेण्याचा नाद करू नये.

गोळीची निवड रायफलीइतकीच विचारपूर्वक करावी. कळपात उभ्या असलेल्या म्हशीवर पहिली गोळी मऊ टोकाची, पण शिसे आवरणाला जोडून घेतलेली, म्हणजे आत पसरूनही वजन न सोडणारी असावी. टणक, न पसरणारी गोळी आरपार जाऊन मागच्या जनावराला जखमी करते, आणि एका परवान्यावर दोन म्हशी झाल्या की प्रकरण गंभीर होते. म्हैस पाठ दाखवून पळू लागली तर मागून पुढे खोल जाण्यासाठी टणक गोळी लागते, म्हणून पुष्कळ जण मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या खणात, खाली टणक आणि वर मऊ अशी भरणी करतात. हत्तीच्या डोक्यासाठी टणकच हवी. सिंह आणि बिबट्या यांच्यासाठी मऊच. दोन्ही जातींच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागतात का, हे तिथल्या मैदानावर स्वतः पाहिल्याशिवाय निघू नका.

रायफल हातात आली की ती जुन्या माउझर धाटणीची आहे का ते बघा. त्या यंत्रणेत बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा, लांब आकडा काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो, त्यामुळे घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धवट मागे घेतला तरी दोन काडतुसे एकमेकांवर अडकत नाहीत, आणि रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकायलाही तोच आकडा उपयोगी पडतो. दुर्बीण कमी ताकदीची, एकपटीपासून सुरू होणारी असावी, आणि डोळ्यापासून चांगली चार बोटे लांब बसवलेली असावी. नाहीतर धक्क्याने दुर्बीण आदळून भुवईवर चंद्रकोर घेऊन उदगीरला याल. बहुतेक नेम १०० मीटरांच्या आत, आणि तोही तिकाटण्यावर रायफल टेकवून घ्यायचा असतो, म्हणून सराव उभ्याने करा. जायच्या आधीचे वर्षभर तुमच्याच .३०-०६ ने, उभे राहून, लागोपाठ तीन गोळ्या लवकर झाडण्याचा सराव पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्या वसमतच्या वाड्यात सासऱ्यांची एक इंग्रजी दुनळी रायफल आहे. नळीवर .४७० असा आकडा असून सोबत जुन्या काडतुसांचा डबा आहे. सासरे गेल्या महिन्यात वारले. ती अजून चालेल का, आणि हा .४७० असा अवघड आकडा कशासाठी?

उत्तर : ताई, चालेल का हा प्रश्न मागाहून. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते, म्हणून ते आधी करून पावती घ्या. त्यानंतर वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत, हे घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगा.

आकड्याची गोष्ट मजेशीर आहे. १८९८ मध्ये .४५० चे नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूचे, काडतूस आले आणि मोठ्या शिकारीत त्याचा बोलबाला झाला. पण त्याच घेराच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली हिंदुस्थानात आणि सुदानात पुष्कळांच्या हाती होत्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास .४५० वर बंदी आणली. मग विलायतेतल्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ असे कायद्याच्या बाजूने निसटणारे आकडे काढले, आणि त्यांत .४७० सर्वांत जास्त टिकले.

डब्यातली काडतुसे मात्र कोणालाही झाडू देऊ नका. अशाच एका जुन्या काडतुसाची गोळी एका परवानाधारक बंदूक-कारागिराने माझ्यासमोर काढली, तेव्हा आतून भुकटी पडली नाही. बारीक तपकिरी तारांची जुडी निघाली, अगदी वाळवलेल्या शेवयांसारखी. ते कॉर्डाइट, म्हणजे त्या काळची बिनधुराची दारू. उष्णतेत त्याचा दाब वाढतो, म्हणूनच त्या काळी उष्ण प्रदेशासाठी एवढ्या मोठ्या, कमी दाबाच्या पुंगळ्या बनवत. .४१६ रिग्बीची पुंगळी उगीच वाटावी इतकी मोठी दिसते तेही याच कारणाने. वसमतच्या चाळीसहून अधिक उन्हाळे सोसलेल्या डब्याची आज काय अवस्था आहे, ते बाहेरून कळत नाही. शिवाय दुनळीच्या दोन्ही नळ्या ठरावीक गोळी आणि ठरावीक वेगालाच एका जागी मारतील अशा जुळवलेल्या असतात. भलतेच काडतूस घातले तर डावी एकीकडे आणि उजवी दुसरीकडे जाते. काडतुसांचा डबाही रायफलीबरोबरच जमा करा.

प्रश्न : कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या बाजूला आमचे शेत आहे. रोही (नीलगायी) आणि रानडुकरे पीक ठेवत नाहीत, बिबट्याही दिसतो. .३१५ पुरेशी होईल का?

उत्तर : .३१५ या जनावरांना ताकदीने पुरते, पण तुम्हाला ती वापरता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रोही-डुकरांसाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि पिकाच्या भरपाईसाठी आधी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. बिबट्या माणसाच्या जिवावर उठला आणि पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नसले, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश काढतात. २०२० च्या अखेरीस आष्टी-करमाळा भागातल्या बिबट्याबाबत तसा आदेश निघाला होता आणि तो बिबट्या करमाळा तालुक्यात मारला गेला. कापसाच्या वेचणीला रात्री एकट्याने जाऊ नका, आणि घरातल्या बायामाणसांना वाकून काम करताना मधूनमधून उभे राहून बोलत राहायला सांगा.