कोळशाच्या मालगाडीचा उघडा डबा किती वर्षं चालतो? शेवटी त्याचं काय करतात?

रेल्वे फाटकावर दिसतो तो उंच बाजूंचा, तपकिरी, उघडा डबा बहुतेक बॉक्सएन या जातीचा असणार. कागदोपत्री त्याचं आयुष्य तीस-पस्तीस वर्षांचं. मी मालडब्यांच्या देखभालीत नोकरी केली आहे. हा डबा धावून फारसा झिजत नाही, त्याचे हाल होतात ते भरताना आणि रिकामा करताना.

लखनौच्या आरडीएसओचं (रेल्वेची संशोधन आणि डिझाइन संस्था) हे डिझाइन 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रुळांवर आलं. आधीच्या बॉक्स डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते, याला दाबाच्या हवेवर चालणारे एअर ब्रेक आले, त्यामुळे लांब आणि जड रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी रांग, चालवणं जमू लागलं. रिकामा डबा साडेबावीस टनांचा, त्यात मूळ हिशेबाने 58 टनांहून थोडा जास्त माल. 58 डबे भरून लावले की 4,700 टनांच्या आसपास वजन होतं. पुढे 2005च्या सुमारास बऱ्याच मार्गांवर त्याच डब्यात आठेक टन जास्त भरायची परवानगी मिळाली. रेल्वेची कमाई वाढली, स्प्रिंगांना आणि रुळांना मात्र कोणी विचारलं नाही.

आता रिकामं करणं. कोराडी किंवा परळीसारख्या औष्णिक केंद्रात डबा टिपलरवर घेतात, म्हणजे क्लॅम्पने धरून अख्खा डबा जवळजवळ उलटा करतात. आपल्या डब्यांचं कपलिंग, म्हणजे दोन डबे जोडणारा सांधा, फिरतं नसल्यामुळे एकेक डबा सोडवूनच आत ढकलावा लागतो. क्लॅम्प वरच्या पट्टीवर बसतो, ती वाकते. जिथे टिपलर नाही तिथे पोकलेनची बादली आत घालून उपसतात आणि तळाशी चिकटलेल्या चुऱ्यासाठी बाजूंवर दणके देतात. कुठल्याही जुन्या रेकजवळ उभे राहा, पत्रे बाहेर फुगलेले दिसतील आणि एखादा दरवाजा तारेने बांधलेला सापडेलच.

उरलेलं काम ओला कोळसा करतो. त्यातल्या गंधकाला पाणी लागलं की आम्ल बनतं, आणि जिथे बाजू तळाला मिळते त्या कोपऱ्यात चुरा कायम अडकून राहतो. गंज तिथूनच सुरू होतो. वरून रंग ठीक दिसतो, पण हातोडीने ठोकलं की पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. म्हणूनच पुढे आलेल्या बॉक्सएनएचएल या डब्याची बॉडी स्टेनलेस स्टीलची केली. तो हलका आहे, मालही जास्त घेतो.

देखभालीचं चक्र असं: साधारण दीड वर्षाने डेपोत आरओएच (नेहमीची दुरुस्ती), नवा असेल तर सहा वर्षांनी आणि नंतर साडेचार वर्षांनी कारखान्यात पीओएच (मोठी दुरुस्ती). रायपूर, कोटा, झाशी, गुंटुपल्ली ही त्यासाठीची मोठी ठिकाणं. मधल्या काळात टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारा कर्मचारी, रेक तपासून ब्रेकचं प्रमाणपत्र देतो. ठरावीक मार्गावर फिरणाऱ्या रेकचं हे प्रमाणपत्र पिवळ्या कागदाचं असतं. नादुरुस्त डबा सिक मार्क होऊन सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर जातो.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. जुन्या बॉक्सएनच्या खाली रिकामा-भरलेला असा एक हँडल असतो. तो हाताने फिरवायचा. रिकाम्या डब्याचा हँडल भरलेल्या बाजूला राहिला तर ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागतात, चाक फिरायचं थांबून रुळावर घासत जातं आणि एका जागी सपाट होतं. रात्री मालगाडीतून ठराविक अंतराने येणारा ठक-ठक आवाज बरेचदा त्याचाच. उलट चूक झाली तर भरलेल्या डब्याचे ब्रेक कमजोर पडतात, आणि घाटात ते कोणालाच परवडत नाही.

वय ओळखायचं असेल तर डब्यावरचा अकरा आकडी नंबर वाचा. पाचवा आणि सहावा आकडा म्हणजे बांधणीचं वर्ष. 94 दिसलं तर 1994.

शेवटाचं म्हणाल, तर बॉडी संपली तरी खालचा भाग बहुतेक वेळा धड असतो. म्हणून कित्येक बॉक्सएनच्या जुन्या सांगाड्यावर नवी स्टेनलेस बॉडी चढवून त्यांना बॉक्सएनआर केलं गेलं. सांगाड्यालाच तडे गेले असतील किंवा अपघातात तो वाकला असेल, तर डबा कंडेम होतो, म्हणजे बाद ठरतो. चाकं, बेअरिंग, कपलर, ब्रेकचे भाग, जे चालण्यासारखं असेल ते काढून दुसऱ्या डब्यांना लावतात. बाकीचं लोखंड ई-लिलावात भंगारवाल्याकडे जातं आणि तो गॅस कटरने त्याचे तुकडे करून नेतो.