सुतारकाम केलेल्या आणि रानात रमणाऱ्या वडिलांबद्दल तेराव्याला काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की बाबांनी इंदुरात आयुष्यभर सुतारकाम केलं, काम थांबवल्यावर दर रविवारी पातालपाणी, चोरल, जानापावकडे भटकायचे, आणि आता 'कष्टाळू, मनमिळाऊ, निसर्गप्रेमी' एवढं लिहून कागद अडलाय. अडणारच. हे तीन शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात. ते खोडा आणि हत्यारांच्या पेटीपासून सुरुवात करा.

पेटीतलं आधी काहीही पुसू नका. सगळ्यात आखूड पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, शोधा. रोजच्या वापरातली पटाशी धार लावून लावून झिजते. त्याच मापाची नवी शेजारी ठेवून मोजलंत, तर किती पोलाद दगडावर गेलं ते कळेल. 'खूप काम केलं' याऐवजी तो आकडा सांगा. लाकडी रंध्यावर तळहात टेकतो तिथली जागा काळी, गुळगुळीत झालेली असते. तिचा फोटो खिडकीपाशी, तिरप्या उजेडात घ्या. फ्लॅश मारलात तर झिजलेला खळगा सपाट दिसतो.

मग फोन: एक जुनं गिऱ्हाईक, हाताखाली शिकलेला एखादा कारागीर, वखारवाला आणि रविवारचा सोबती. 'बाबा कसे होते?' असं विचारू नका, उत्तर 'देवमाणूस' असंच येतं. गिऱ्हाइकाला विचारा, त्यांनी बसवलेलं कुठलं दार भर पावसाळ्यातही चौकटीत अडकत नाही? लाकूड फुगणार हे धरून नेमकी फट सोडणं ही कसबाची गोष्ट, आणि ते दार ज्यांच्या घरात आहे ते पंगतीत बसलेले असतील. सोबत्याला विचारा, चालता चालता ते कुठे थांबायचे?

सुतारकामाचा एक परिच्छेद आणि जंगलाचा दुसरा, असं मात्र करू नका. दोन्ही सागापाशी जुळतं. महूच्या पुढे घाट उतरू लागला की सागाचं रान लागतं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग उतरतो. जन्मभर सागाच्या फळ्यांवर रंधा मारलेला माणूस उभ्या सागाकडे काय बघायचा? बुंध्याचा सरळपणा, गाठी, की मनातल्या मनात घनफूट मोजायचा? सोबत्याला ठाऊक असेल. नसेल तर हे वाक्य घालू नका, कल्पनेनं तर नाहीच.

ऋतू तपासा, इंदूरकर चूक लगेच पकडतात. पातालपाणीचा धबधबा पावसाळ्यातला, उन्हाळ्यात तो जवळपास कोरडा असतो. सागाला फुलोरा पावसाळ्यात, पळस फाल्गुनात. जानापाव हा चंबळेचा उगम, तिथे कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. बाबा जत्रेला जायचे की गर्दी टाळून, एवढं विचारून घ्या. पातालपाणीहून घाटातून कालाकुंडला जाणाऱ्या रेल्वेगाडीचा उल्लेख असेल तर जुनी मीटरगेज पॅसेंजर की २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली हेरिटेज गाडी, हे नीट लिहा. झाडापाखरांची नावं ते घेत तीच ठेवा, पुस्तकातली नकोत.

लांबी साडेतीनशे-चारशे शब्द. सावकाश वाचलंत तर चारेक मिनिटं. त्याहून लांबवू नका, पानं मांडलेली असतात. मोठ्या अक्षरात कागदावर लिहा. फोनवरून वाचताना हुंदका आला की स्क्रीन बंद होते आणि मग ओळ सापडत नाही.

फोटो झाले की पेटीकडे वळा, पावसाळ्याआधी. लोखंड कोरड्या फडक्यानं पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. मोहरीचं तेल नको, त्याचा चिकट थर बसतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. रंध्याचं पातं धरून ठेवणारी पाचर सैल करून ठेवा. घट्ट राहिली तर फुगण्या-आटण्यात लाकडाला तडा जातो. त्या काळ्या पडलेल्या जागेला पॉलिशपेपर मात्र लावू नका.