अकराचं पाणी

लेकरा,

तुझ्या तलावाच्या पाण्याचे तक्ते रात्री दोनदा पाहिले. २०२३ ला पावसानं दगा दिला, तलाव तळाला गेला, तरी पाण्यातलं स्फुरद, म्हणजे खतातलं फॉस्फरस, वाढलं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं शिवारं खरडून नेली, सांडवा आठ दिवस वाहत होता, तरी स्फुरद वाढलं. आणि तू विचारतेस, ‘सर, माझं गृहीतकच चुकलं का? प्रबंध तापमानवाढीवर करू की खतांवर?’ शेवटी तो रडक्या चेहऱ्याचा शिक्का. आधी हसू आलं. मग स्वतःचाच राग आला, कारण पाणी तपासायच्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

उत्तर देतो, पण त्याआधी वेळेचा रकाना बघ. अकरा, साडेअकरा, अकरा, पावणेबारा. एकही नोंद सूर्योदयाआधीची नाही. बाई, पहाटे जा.

आता तुझा घोळ. २०२३ ला पाणी आटलं. वाफ पाण्याची होते, स्फुरदाची होत नाही, म्हणून उरलेलं पाणी घट्ट झालं. ते साधं गणित तुलाही जमलंय. पुढचं तू सोडलंस. तापलेलं पाणी वर तरंगतं, वारा पडला की खालच्याशी मिसळत नाही. तळाचे जिवाणू उष्णतेनं जोमात येतात आणि ऑक्सिजन संपवतात. गाळातलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं ते ऑक्सिजन असेपर्यंतच. तो संपला की लोहाचं रूप बदलतं आणि पकड सुटते. म्हणजे त्या वर्षी शिवारात डीएपीचं एक पोतं पडलं नसतं तरी वीस वर्षांची जुनी पोती गाळातून वर आली असती. त्यात आपल्याकडे पाणी हटलं की लोक गाळपेर करतात. तलावाच्या पोटातच हरभरा, तलावाच्या पोटातच खत. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझ्या चुलत्यांनीही तेच केलं.

२०२५ चं उलट दिसतं, पण उलट नाही. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मग तीन-तीन आठवडे खंड, आणि पडतो तेव्हा एका रात्रीत महिन्याचा पडतो. काळ्या रानाची बारीक माती स्फुरदाला चिकटवून घेऊनच ओढ्याला लागते. खत हे मुद्दल धर आणि ऊन हा व्याजाचा दर. सावकाराच्या वहीत कर्ज मुद्दलानं वाढलं की व्याजानं, असं कुणी विचारतं का? तुझ्या मार्गदर्शकांनी दोन विषय वेगळे करून आण म्हटलं असेल, तर त्यांना हा परिच्छेद दाखव. माझं नाव सांगू नकोस.

पण हे सगळं मी आज पुस्तकी शहाणपणानं सांगतोय. तळाला ऑक्सिजन संपतो हे तुझ्या तक्त्यात कुठाय? वरचं पाणी, भर उन्हातलं. तिथं तो कसा संपलेला दिसेल?

माझंच ऐक. जीप दहाला निघायची. चालक, परिचर, बर्फाची पेटी, वाटेत चहा. तलावावर अकरा. पाणी अख्ख्या मुगाच्या वरणासारखं हिरवं, आणि ऑक्सिजन लिटरमागे अकरा मिलिग्रॅम. तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास मावतो, मग हे जास्तीचे साडेतीन आले कुठून? त्याच स्फुरदावर पोसलेल्या शेवाळानं उन्हात सोडलेले. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. मी शेरा लिहिला, ‘समाधानकारक’. एका उन्हाळ्यात नाही, अनेक उन्हाळ्यांत.

मग एका मे महिन्यात दोन दिवस वळवाचं आभाळ दाटून आलं, ऊन नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काठाला मेलेल्या माशांची पांढरी पट्टी. कटला, रोहू, सगळे. मरळ तेवढी जिवंत, ती वरची हवा गिळते. भोई मामा मला म्हणाले, ‘साहेब, चार दिस झाले, झुंजुमुंजूला मासे तोंड वर काढू लागलेत. तुमी कवा येता?’ रात्री ऊन नसतं, शेवाळही श्वासच घेतं. पहाटेपर्यंत पाणी रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुक्काम केला आणि साडेपाचला विंकलरची, म्हणजे ऑक्सिजन मोजायची, बाटली भरली. ऑक्सिजन असला की त्यात तपकिरी साका बसतो, हे तू जाणतेस. माझ्या बाटलीत साका दुधासारखा पांढरा होता.

मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, हे ध्यानात ठेव. वेळही खरी लिहायचो. रजिस्टर काढून बघितलं तरी चूक सापडणार नाही. पहाटेच्या भत्त्याची तरतूद नव्हती, जीपला डिझेल मोजून मिळायचं, आणि वरून कुणी पहाटेचं पाणी मागितलंही नव्हतं. पण भोई मामांना भत्ता कोण देत होतं?

दुसरी गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही. हिरवं पाणी पाहून गावात मी सांगायचो, उकळून प्या. जंतूंसाठी ते बरोबरच होतं. पण त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळून जात नाही, पाणी आटलं तर उलट घट्ट होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एरी सरोवराच्या पाण्यात ते सापडलं तेव्हा सुमारे चार लाख लोकांना बजावलं होतं, पिऊ नका आणि उकळूही नका. मी ते वाचलं तेव्हा निवृत्त होतो. हे शेवाळ पंचवीस अंशांच्या पुढे फोफावतं, आणि आपलं पाणी तर वर्षातले कितीतरी महिने त्याच्या वरच असतं.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आम्ही सगळे लिटर मोजत होतो. तळाशी उरलेलं कसं आहे, हे मीही विचारलं नाही. जायकवाडीच्या नाथसागराला आपण समुद्र म्हणतो. १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरलंय, भागाकार कर, सरासरी खोली सव्वाआठ मीटरच भरते. आणि पाणी खाली गेलं की काठचा कितीतरी भाग कमरेएवढा. एवढं उथळ पाणी तापायला, आटायला आणि गाळ ढवळायला वेळ लागत नाही.

उपग्रहाची चित्रं घेऊन मॉडेल चालवायचं म्हणतेस. चालव. उपग्रहालाही उजेड लागतो, तो हिरवा रंग पाहतो, पहाटेचा श्वास नाही. आधी पहाटे जा. आठवड्यातून एकदा, त्याच खुणेच्या दगडापाशी, वरचं एक आणि तळाचं एक. ढगाळ रात्रीनंतर तर नक्कीच. एकटी जायचं नाही. जाळी काढायला भोयांच्या छोट्या होड्या निघतातच, त्यांच्यासोबत जा, आणि मामा काय म्हणाले तेही वहीत लिही. वहीला तो रकाना नसला तर आखून घे. आई ओरडेल, तिला माझा नंबर दे.

माझ्या जुन्या बाटल्यांची पेटी उद्याच्या एसटीनं पाठवतोय. बुचं आणि बाटल्यांवर सारखे नंबर आहेत, अदलाबदल करू नकोस. सात नंबरची वापरू नकोस, तिचं बूच नीट बसत नाही, हवा जाते.